आपल्या लोकसभा मतदारसंघाची कुंडली घरबसल्या कशी काढायची (औरंगाबादचं उदाहरण घेऊन)

मागच्या उन्हाळ्यात वैजापूरला एका लग्नात पंगतीत बसलो होतो, वरण-बट्टी वाढून झाली होती आणि विषय निघाला २०१९च्या लोकसभेचा. मामा म्हणाले खैरेंना (तेव्हाचे शिवसेनेचे खासदार) ट्रॅक्टरनं पाडलं, म्हणजे ट्रॅक्टर चिन्हावरच्या अपक्ष जाधवांनी, शेजारचे म्हणाले ट्रॅक्टर-बिक्टर काही नाही वंचितमुळं (प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी) ओवैसींची एमआयएम आली, तिसरा म्हणे काँग्रेसचीच मतं फिरली, आणि गंमत म्हणजे तिघांपैकी एकालाही किती मतांनी पडले ते सांगता येईना. एक म्हणे वीस हजार, दुसरा म्हणे लाखभर असतील. मी मोबाईल काढून आकडा दाखवला, ४,४९२. पंगत दोन मिनिटं गप्प झाली आणि मग परत तोच वाद, फक्त जरा हळू आवाजात.

तेव्हापासून दोघा-तिघांनी विचारलं की भौ हे सगळं तू काढतो कुठून, तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो. उदाहरण आपल्या औरंगाबाद लोकसभेचं घेतलंय, पण जालना, बीड, नांदेड, परभणी कुठलाही मतदारसंघ असला तरी रीत हीच.

पहिली गोष्ट नावाची, कारण इथंच निम्मे लोक अडकतात. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, जिल्ह्याचंही झालं, पण लोकसभा मतदारसंघाचं अधिकृत नाव अजून औरंगाबादच आहे, २०२४ची निवडणूक सुद्धा '१९ - औरंगाबाद' याच नावानं झाली. मतदारसंघाची नावं परिसीमनाच्या (म्हणजे हद्दी नव्यानं आखण्याच्या) आदेशात लिहिलेली असतात, शहराचं नाव बदललं म्हणून ती आपोआप बदलत नाहीत. धाराशिवचं पण तसंच, लोकसभेला उस्मानाबाद शोधायचं. त्यामुळं निवडणूक आयोगाच्या साईटवर संभाजीनगर टाकून काही सापडलं नाही की लगेच साईटला शिव्या घालू नका.

आता साईटवर कुठं जायचं. आयोगाच्या साईटवर सांख्यिकी अहवाल म्हणून विभाग आहे, त्यात प्रत्येक लोकसभेच्या फायली आहेत, जुन्या पीडीएफमध्ये, अलीकडच्या एक्सेलमध्ये पण मिळतात. आणि इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा मी १९५२ शोधलं, नाही. मग कळलं की पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली म्हणून आयोगानं ती १९५१ या नावानं ठेवलीय. ती फाईल उघडली, महाराष्ट्र शोधला, नाही. मुंबई राज्य काढलं, त्यात पण औरंगाबाद नाही. मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं की १९५२ला इथं निवडणूकच झाली नसावी! मग डोक्यात ट्यूब पेटली की अरे तेव्हा आपण निजामाच्या राज्यातून नुकतेच सुटलेलो, मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तर लक्षात ठेवा, १९५१ची फाईल हैदराबाद राज्याखाली, १९५७ची मुंबई राज्याखाली (१ नोव्हेंबर १९५६ला आपण द्विभाषिक मुंबईत गेलो), आणि १९६२ पासून महाराष्ट्राखाली. तीन राज्यं फिरून आलेला मतदारसंघ आहे हा, आपण जागेवरच, राज्य बदलत गेलं. जुन्या फायलीत स्पेलिंग पण जुनंच असतं, बीड बघायला गेलात तर 'भीर' असं सापडेल, आणि अंबड नावाचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ तेव्हा होता हे बघून जालन्याच्या लोकांना मजा वाटेल.

एक कोरी शीट घ्या, एक्सेल असो नाहीतर वही, पण आडव्या रांगेत वर्ष, राज्य, निवडून आलेला, पक्ष, मतं, दुसरा, त्याची मतं, तिसरा, चौथा, फरक, एकूण मतदार, झालेलं मतदान, बाद मतं आणि शेवटी एक मोठा रकाना 'शेरा'. हा शेऱ्याचा रकाना छोटा ठेवू नका, निम्मा इतिहास तिथंच बसतो. तिसरा आणि चौथा उमेदवार काहून लिहायचा ते पुढं सांगतो.

आधी फक्त निवडून आलेले भरून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. औरंगाबादचे असे निघतात: १९५२ सुरेशचंद्र आर्य, १९५७ स्वामी रामानंद तीर्थ, १९६२ आणि १९६७ भाऊराव देशमुख, १९७१ माणिकराव पालोदकर, हे सगळे काँग्रेस. १९७७ बापू काळदाते जनता पक्ष, १९८० काझी सलीम इंदिरा काँग्रेस, १९८४ साहेबराव पाटील डोणगावकर काँग्रेस एस, १९८९ आणि १९९१ मोरेश्वर सावे शिवसेना, १९९६ प्रदीप जैस्वाल शिवसेना, १९९८ रामकृष्ण बाबा पाटील काँग्रेस, मग १९९९ ते २०१४ सलग चार वेळा चंद्रकांत खैरे शिवसेना, २०१९ इम्तियाज जलील एमआयएम, २०२४ संदिपान भुमरे शिंदेंची शिवसेना.

बहुतेक जण इथंच थांबतात आणि ही यादी व्हॉट्सअॅपला टाकून 'आपल्या मतदारसंघाचा इतिहास' म्हणून मोकळे होतात. ही यादी म्हणजे नुसती देवळाबाहेरच्या चपला मोजणं झालं, आत कोण होतं ते कळतच नाही.

पक्षाच्या रकान्यात पहिला घोळ होतो. १९७७ला बापू काळदातेंच्या नावापुढं आयोगाच्या कागदात जनता पक्ष दिसणार नाही, भारतीय लोकदल दिसेल. कारण आणीबाणी उठल्यावर घाईत सगळे एकत्र आले, जनता पक्षाची अजून नोंदणी-बिंदणी नव्हती, मग लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढले. ज्याला माहीत नाही तो लोकदल कुठला पक्ष म्हणून बुचकळ्यात पडतो. तसंच १९८० आणि १९८४ला काँग्रेसच्या पुढं कंसात कुठलं अक्षर आहे ते नीट बघा. १९८४ तर आपल्याकडची लय इंटरेस्टिंग निवडणूक आहे, इंदिराबाई गेल्यानंतरची लाट, राज्यात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला, आणि औरंगाबादनं निवडून दिला पवारांच्या काँग्रेस एसचा माणूस. या पक्षाच्या राज्यात दोनच जागा आल्या, एक खुद्द पवारांची बारामती आणि दुसरी आपली. नंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९८६ मध्ये राजीव गांधींच्या हजेरीत हा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला तो कार्यक्रम पण औरंगाबादलाच झाला. घाईत 'काँग्रेस' एवढंच लिहून पुढं गेलात तर हे सगळं हातातून निसटतं.

चिन्हाचा पण एक रकाना केला तर वाया जात नाही. बैलजोडी, मग गाय-वासरू, मग हात, हे एकाच घराण्याचे तीन अवतार. आणि २०२४ला खैरे उभे राहिले ठाकरेंच्या शिवसेनेच्या मशालीवर आणि धनुष्यबाण गेला भुमरेंकडं. ज्या आजीनं तीस वर्षं बाण बघून बटण दाबलं ती काय करणार, हा प्रश्न कागदावर सुटत नाही पण चिन्ह लिहून ठेवलं असेल तर निदान पडतो तरी.

आता हद्दींचा विषय. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा, आणि यूट्यूबवरचे विश्लेषक बरोबर हाच सोडून देतात. आपल्या राज्यात २८८ आमदार आणि ४८ खासदार, म्हणजे प्रत्येक लोकसभेत सहा विधानसभा. आजच्या औरंगाबाद लोकसभेत कन्नड, औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पश्चिम (हा अनुसूचित जातींसाठी राखीव), औरंगाबाद पूर्व, गंगापूर आणि वैजापूर. जिल्ह्यातलेच सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण जातात जालना लोकसभेत. म्हणजे जिल्हा एक आणि खासदार दोन. आणि ज्याला सगळे शहरी मतदारसंघ म्हणतात त्याच्या सहापैकी तीनच विधानसभा शहराच्या आहेत, उरलेल्या तीन कापूस-मका-अद्रकवाल्या. शहरातल्या टीव्ही सेंटरच्या चौकात उभं राहून केलेलं विश्लेषण कन्नडच्या खेड्यात चालत नाही ते यामुळं.

ही रचना २००८च्या परिसीमनाची आहे, २००१च्या जनगणनेवर केलेली, म्हणजे २००९ पासून लागू. त्याच्या आधीची १९७६च्या आदेशाची. तेव्हा शहराच्या विधानसभा दोनच होत्या, पूर्व आणि पश्चिम, मध्य नंतर आला, फुलंब्री पण नंतरचा. त्यामुळं २००४ आणि २००९चे आकडे शेजारी ठेवून 'मतं इतकी घटली' असं म्हणणं चूक, कारण मतदारच बदललेले. मी शीटमध्ये २००४ आणि २००९च्या मध्ये एक जाड लाल रेघ मारलीय, तशाच रेघा १९५७, १९६२, १९६७ आणि १९७७च्या आधी पण मारा, दर वेळी काही ना काही हद्दी हलल्या. परिसीमनाचे आदेश आयोगाच्या साईटवरच आहेत, कुठला तालुका, कुठलं महसूल मंडळ, कुठला वॉर्ड कुठं गेला ते त्यात लिहिलेलं असतं.

यात एक गमतीची गोष्ट सापडते. १९७१चे खासदार पालोदकर, आता पालोद हे सिल्लोड तालुक्यातलं गाव, आज ते जालना लोकसभेत. २०२४चे खासदार भुमरे, ते आमदार होते पैठणचे, ते पण जालना लोकसभेतच. म्हणजे ज्या पैठणनं त्यांना पाच वेळा आमदार केलं ते पैठण त्यांना खासदारकीला मत देऊच शकत नव्हतं. कायद्यानं यात काही अडचण नाही, लोकसभेला देशात कुठंही मतदार यादीत नाव असलं की बास, पण कोण 'आपला' आणि कोण 'बाहेरचा' ही प्रचारातली भांडणं समजून घ्यायची तर नकाशा समोर पाहिजे. १९९९ला तर काँग्रेसनं थेट कोकणातून बॅरिस्टर अंतुलेंना आणून इथं उभं केलं होतं, माजी मुख्यमंत्री, आणि खैरेंनी त्यांना पाडलं.

मतदार संख्येच्या रकान्यात १९८९ला अचानक मोठी उडी दिसेल. टायपिंग मिस्टेक नाही ती. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ना, ६१वी घटनादुरुस्ती, त्यानंतरची पहिली लोकसभा म्हणजे १९८९. आणि आपल्याकडं त्याच सुमाराला शिवसेना शिरली, महापालिका १९८२ला झाली, पण पहिली निवडणूक १९८८ला, त्यात सेना जोरात आली आणि पुढच्याच वर्षी सावे खासदार. अठरा-वीसच्या पोरांचा आणि सेनेचा संबंध होता का, लोक ठासून सांगतात होता म्हणून, मला पण वाटतं होता, पण आयोगाच्या कागदात वयानुसार कोणी कोणाला मत दिलं हे कधीच नसतं, म्हणून शेऱ्यात 'असं म्हणतात' एवढंच लिहा.

बाद मतांचा रकाना पण बघा, २००४ला देशभर ईव्हीएम आल्यावर तो जवळपास रिकामा होतो, आणि २०१४ पासून नोटा ('यापैकी कोणीही नाही' हे बटण) नावाचा नवा पाहुणा येतो. टक्केवारी काढताना भागाकार एकूण मतदारांनी केलाय, झालेल्या मतदानानं केलाय की वैध मतांनी, ते एकदा ठरवा आणि मग बदलू नका. निम्मे भांडणं यावरच असतात.

आता तिसरा-चौथा उमेदवार. इथं थांबून नीट बघू कारण माझ्या मते औरंगाबादचा सगळा अर्वाचीन इतिहास या दोन रकान्यांत आहे. २००९ला खैरे २,५५,८९६ मतं घेऊन आले, दुसरे काँग्रेसचे उत्तमसिंग पवार ३३ हजारांनी मागं, आणि तिसरे शांतिगिरी महाराज अपक्ष, त्यांना दीड लाखाच्या आसपास मतं. २०१४ला तिसरा कोणी दमदार नाही, मोदी लाट, खैरे ५,२०,९०२ आणि काँग्रेसचे नितीन पाटील ३,५८,९०२, सरळ १,६२,००० चा फरक. आणि मग २०१९. जलील ३,८९,०४२, खैरे ३,८४,५५०, अपक्ष हर्षवर्धन जाधव ट्रॅक्टर चिन्हावर २,८३,७९८, काँग्रेसचे सुभाष झांबड ९१,७८९. फरक ४,४९२ चा आणि ट्रॅक्टरची मतं त्याच्या त्रेसष्ट पट! मामा एवढ्यापुरते बरोबर होते. पण दुसरी बाजू पण बघा, खैरेंची स्वतःची मतं पाच वर्षांत १,३६,३५२ नं घटली, आणि जलील जिंकले ते साधारण ३२ टक्क्यांवर, म्हणजे तीनातल्या दोघांनी त्यांना मत दिलेलं नव्हतं. आणि वंचित सोबत होती ते पण खरंच. म्हणजे पंगतीतले तिघंही थोडे थोडे बरोबर, आणि कारण एकच असा हट्ट धरला की तिघंही चूक.

अनामत रकमेचा हिशोब पण इथंच करून घ्या. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जातं. २०१९ला साधारण बारा लाख मतं, म्हणजे दोन लाखाच्या जवळ पाहिजेत, काँग्रेसला ९२ हजार पण नाहीत. ज्या मतदारसंघात पहिली पाच टर्म दुसऱ्या कोणाला शिरकाव नव्हता तिथं काँग्रेसचं डिपॉझिट जप्त, ही ओळ मी शेऱ्यात लाल पेननं लिहिलीय.

२०२४ची बेरीज-वजाबाकी करताना जपून. भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०. वंचितनं या वेळी वेगळा उमेदवार दिला, त्याला सत्तर हजाराच्या आसपास. लगेच लोक म्हणतात वंचित सोबत असती तर जलील आले असते. करा बेरीज, चार लाख दहा हजाराच्या आसपास जाते, भुमरे तरी पुढंच. पण उलट असं पण नाही की दोन्ही शिवसेनांची बेरीज करून सात लाख एकोणसत्तर हजार ही 'सेनेची ताकद' म्हणायची, कारण त्यातली खैरेंची मतं महाविकास आघाडीची होती, काँग्रेसवाल्यांची पण होती. मतं म्हणजे पोत्यातला कापूस नाही, इकडचं गाठोडं उचलून तिकडं टाकता येत नाही.

पोटनिवडणुका विसरू नका. त्या सार्वत्रिक अहवालात नसतात, वेगळ्या फाईलमध्ये असतात. बीडवाल्यांनी तर खास लक्ष द्यावं, २०१४च्या अहवालात गोपीनाथ मुंडे दिसतील, पण मुंडे साहेब त्याच जूनमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ च्या फरकानं आल्या, हा तेव्हाचा विक्रमी आकडा मुख्य फाईलमध्ये शोधून सापडणार नाही. नांदेडवाल्यांनी १९८७ आणि २०२४ अशा दोन्ही नोंदवाव्यात, २०२४ची तर फक्त १,४५७ मतांनी ठरली.

इथपर्यंत आलात की खरा खजिना उघडायचा, फॉर्म २०. निकालाचा अंतिम तक्ता, बूथनिहाय, प्रत्येक विधानसभेचा वेगळा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर अलीकडच्या निवडणुकांचे मिळतात. स्कॅन केलेले असतात, काही पानं आडवी, काही उलटी, शून्य आणि आठ ओळखू येत नाही, आणि मराठी फॉन्ट जुना असला तर कॉपी केल्यावर नुसते ठोकळे येतात, मी शेवटी हातानंच उतरवलं, दोन रविवार गेले. त्यात फक्त बूथ नंबर असतो, नाव नसतं, म्हणून सोबत त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी डाउनलोड करा. त्याच निवडणुकीची, हे परत सांगतो, कारण दर वेळी बूथ नव्यानं पाडतात आणि २०१९चा ११२ नंबर २०२४ला भलत्याच शाळेत असतो. आमच्या सिडकोतल्या शाळेचा बूथ मी असाच चुकून किराडपुऱ्यातला समजलो आणि दोन दिवस एक भारी सिद्धांत मांडत फिरलो, मित्रानं यादी दाखवल्यावर गप बसलो. टपाली मतं तळाशी वेगळी असतात ती धरायला विसरू नका, नाहीतर बेरीज जुळत नाही. सगळ्यात आधी सहा विधानसभांची सहा उभी बेरीज करून बघा, शहराच्या तीन आणि ग्रामीण तीन शेजारी ठेवा, बूथवर उडी नंतर मारा.

जातीधर्माची टक्केवारी मात्र शीटमध्ये घालू नका. कुठल्याही निवडणुकीच्या सरकारी कागदावर ती नसते, जो सांगतो तो अंदाजानं सांगतो, आणि एकदा शीटमध्ये आकडा बसला की तो खरा वाटायला लागतो.

माणसांसाठी लोकसभेच्या साईटवर माजी सदस्यांची माहिती आहे, ती वाचा. काझी सलीम हे उर्दूतले नावाजलेले कवी होते हे मला तिथून पुढं शोधताना कळलं, त्याआधी माझ्यासाठी ते १९८०च्या रांगेतलं एक नाव होतं. स्वामी रामानंद तीर्थ तर मुक्तिसंग्रामाचे नेते, ते १९५२ला गुलबर्ग्यातून निवडून आले होते, राज्य फुटल्यावर १९५७ला आपल्याकडं आले. आणि नावं फिरून फिरून परत येतात ते पण नोंदवा: १९९६चे खासदार जैस्वाल यांना २०१४ला मध्य विधानसभेत जलील यांनी पाडलं, आज तेच जैस्वाल मध्यचे आमदार. मोरेश्वर सावेंचे चिरंजीव अतुल सावे यांनी नोव्हेंबर २०२४ला पूर्व विधानसभेत जलील यांना फक्त २,१६१ मतांनी हरवलं.

जुनी पेपरं बघायची असतील तर एखाद्या जुन्या वाचनालयात जाऊन विचारा, १९८२च्या आधीचं काही पाहिजे असेल तर दैनिक मराठवाडाच्या फायली, अनंत भालेराव संपादक असतानाच्या. मोबाईलनं फोटो काढायला परवानगी आहे का ते आधी विचारा. एका ठिकाणी मला फाईल द्यायला नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी चहा पाजून दिली. तारीख आणि पान नंबर फोटोतच येईल असा काढा, घरी आल्यावर काही आठवत नाही.

माझी शीट मामांना व्हॉट्सअॅपला पाठवली होती. त्यांनी मोठ्या फॉन्टमध्ये प्रिंट काढून दुकानात लावलीय आणि २०१९च्या रांगेत ट्रॅक्टरच्या आकड्याला पेननं गोल केलाय. शेऱ्याचा रकाना कागदात मावेना म्हणून तेवढा कापून टाकला.